रक्ततपासणीवरून स्टेंट पुन्हा बंद होणार का, हे कळतं का? (आबांचा सीआरपी ७.२ आलाय)

केळीपट्टा | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील, आबा, वय ६३. शुगर १४ वर्षांपासून. मागच्या पोळ्याच्या आठवड्यात छातीत कळ आली म्हणून रावेरहून जळगावला हलवलं. अँजिओग्राफीत पुढची मोठी नळी (एलएडी) ९० टक्के बंद निघाली. लगेच स्टेंट (नळी उघडी धरणारी जाळी) टाकला, औषधवाला, २.७५ बाय ३८ मिलिमीटर. तेव्हापासून गोळ्या वेळेवर, तंबाखूची डबी चुलीत. आता आठ महिने होत आले.

परवा गावात एका लॅबचं शिबिर होतं. चुलतभावाने मोबाईलवर आलेला मेसेज दाखवला, 'एका थेंबात कळणार स्टेंटचं भविष्य'. आम्ही आबांना घेऊन गेलो. नऊ तपासण्यांचं हार्ट पॅकेज. रिपोर्टमध्ये सीआरपी ७.२, शेजारी लाल तारा. रिपोर्ट देणारा पोरगा म्हणाला, "आत सूज आहे, नळी परत भरू शकते." झालं. आई तेव्हापासून जेवलेली नाही. आबा तेवढे निवांत. "माले काही व्हयेल नही, तुम्हीच घाबरी ऱ्हायनात."

खरंच रक्तावरून हे कळतं का? अजून कुठली टेस्ट करायची? ऊन ४५ च्या पुढे आहे, आबांना उगाच नाशिक-मुंबई फिरवायचं नाही.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ११:०५

एका थेंबात भविष्य? आमच्या चोपड्याला पोपटवाला ११ रुपयांत सांगतो, सुईसुद्धा टोचत नाही.

चेष्टा सोडा, आईला आधी जेवायला घाला.

सूक्ष्मदर्शक | सोमवार, रात्री ११:३०

मी धुळ्याला लॅबमध्येच काम करते, १६ वर्षं झाली. दादा, तीन गोष्टी बघून सांगा.

रिपोर्टवर नुसतं सीआरपी लिहिलंय की एचएस-सीआरपी? दोन्ही एकाच प्रथिनाची मोजमापं आहेत, पण हृदयासाठी बारीक मोजणारी एचएस लागते. साधी तपासणी न्यूमोनिया, टायफॉइड असल्या मोठ्या भानगडींसाठी. दुसरं, एकक काय आहे? मिलिग्रॅम प्रति लिटर की प्रति डेसिलिटर? यात दहापटीचा फरक पडतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक नुसता आकडा पाठवतात. तिसरं, गेल्या पंधरा दिवसांत आबांना ताप, खोकला, दाढदुखी, जखम, काहीही?

केळीपट्टा | मंगळवार, सकाळी ७:१५

ताई, एचएस-सीआरपी आहे, मिलिग्रॅम प्रति लिटर. ताप नाही, खोकला नाही.

जखमेचं विचारलंत म्हणून आत्ता पाय बघितले. डाव्या टाचेला चिंधी बांधलेली! शिबिराच्या पाच दिवस आधी वावरात धसकट घुसलं होतं, कोणाला बोलले नाहीत. हळद भरून वर चिंधी. शुगरचा माणूस आणि टाचेत धसकट, काय बोलायचं यांना. पिकलंय थोडं. आज दवाखान्यात नेतो.

पऱ्हाटी | मंगळवार, सकाळी ७:३०

धसकट कशाचं होतं?

केळीपट्टा | मंगळवार, सकाळी ७:३२

तुमचंच. पऱ्हाटीचं.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, सकाळी ८:१०

मग त्या ७.२ ला हृदयाच्या खात्यात धरूच नका. सीआरपी यकृतात बनतं. शरीरात कुठेही सूज आली की इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप्या यकृताला सांगतो आणि काही तासांत पातळी चढते. सूज टाचेत आहे की हृदयाच्या नळीत, हे त्याला सांगता येत नाही. १९३० मध्ये ते सापडलं तेच मुळी न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात.

ढोबळ हिशेब असा: १ च्या खाली धोका कमी, १ ते ३ मधला, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेलं तर बहुतेक वेळा संसर्ग, आणि मग बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं. ७ असलं आणि टाच पिकलेली असली तरी तोच नियम. जखम भरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. आणि पहिलं काम टाचेचं.

तापीकाठ | मंगळवार, दुपारी ३:२०

मी फिजिशियन आहे, हृदयतज्ज्ञ नाही. पण स्टेंटवाले रोज भेटतात. ताईंनी निम्मं काम केलंय.

आधी एक गाठ सोडवू. 'स्टेंट बंद होणं' या एका नावाखाली लोक दोन वेगळे आजार घालतात. पहिला, स्टेंटमध्ये अचानक गुठळी होणं. मिनिटांत होतं, सरळ झटका येतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्यांपैकी एखादी कोणी परस्पर बंद केली की हे घडायला वाट मिळते. दुसरा, रिस्टेनोसिस. स्टेंट टाकताना नळीच्या आतल्या अस्तराला इजा होते. ती भरून काढायला भिंतीतल्या स्नायुपेशी वाढतात आणि जाळीच्या आत सरकतात. थोड्या वाढल्या तर चांगलंच, जाळी झाकली जाते. थांबल्या नाहीत तर वाट पुन्हा अरुंद. हे महिन्यांच्या हिशेबाने चालतं. वर्षं उलटल्यावर त्या नव्या थरातही चरबी साचू शकते, तो आणखी पुढचा भाग.

१९७७ मध्ये झुरिचला आन्द्रेआस ग्रुन्झिग यांनी फुग्याने पहिल्यांदा हृदयाची नळी उघडली. नुसत्या फुग्याच्या त्या काळात दहातल्या तीन-चार नळ्या सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायच्या. १९८६ मध्ये माणसात पहिला स्टेंट बसला, प्रमाण २० ते ३० टक्क्यांवर आलं. मग औषध लावलेले स्टेंट आले आणि आता साधारण ५ ते १० टक्के. त्यातलं पहिलं औषध सिरोलिमस. ते ईस्टर बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालं, आणि ते शोधून शेवटपर्यंत त्याचा पिच्छा पुरवणारे शास्त्रज्ञ भारतीय वंशाचे, सुरेंद्रनाथ सेहगल.

पऱ्हाटी | मंगळवार, दुपारी ४:००

डॉक्टरसाहेब, म्हणजे ठिबकसारखंच. पाण्यातला क्षार साचून ड्रीपर चोकअप झाला तर अ‍ॅसिड सोडायचं, मोकळा होतो. पण जमिनीखाली अंथरलेल्या नळीत पिकाची मुळंच ड्रीपरमध्ये शिरली तर अ‍ॅसिड काय करणार? तिथे साचलेलं नाही, वाढलेलं आहे. म्हणून मुळं रोखणारं औषध प्लास्टिकमध्येच मुरवलेले ड्रीपर येतात.

तापीकाठ | मंगळवार, दुपारी ४:२५

हे मी उद्यापासून ओपीडीत वापरणार, पैसे मागू नका. औषधवाला स्टेंट म्हणजे तुमचा तो ड्रीपर.

आता रक्तातल्या खुणा, म्हणजे बायोमार्कर. मुळं वाढणार का, हे पाण्याच्या नमुन्यावरून ओळखायचा हा प्रयत्न. जगभर चालू आहे, थोतांड नाही. एचएस-सीआरपी, इंटरल्युकिन-६, भिंतीतलं जाळं कापणारी एमएमपी-९ सारखी एन्झाइम्स, लायपोप्रोटीन-ए (चरबी वाहणारा एक कण), होमोसिस्टीन (एक अमिनो आम्ल), अलीकडे मायक्रोआरएनए (पेशींतले बारीक आरएनए तुकडे). अभ्यासात ज्यांची नळी पुन्हा अरुंद झाली त्यांच्यात यातल्या काही खुणा सरासरीने जास्त सापडतात. घोटाळा त्या 'सरासरीने' शब्दात आहे.

समजा १०० जणांना स्टेंट टाकले आणि त्यातल्या ८ जणांची नळी पुढे अरुंद होणार आहे. एक बऱ्यापैकी चांगली टेस्ट घेऊ: होणाऱ्यांपैकी ७५ टक्के पकडते, न होणाऱ्यांपैकी ७० टक्क्यांना बरोबर सोडते. म्हणजे ८ पैकी ६ सापडले. पण उरलेल्या ९२ पैकी २८ जणांच्या रिपोर्टवरही लाल तारा आला. ३४ घरांत आई जेवली नाही, त्यातली २८ घरं उगाच उपाशी. आणि दोघांना 'सगळं नॉर्मल' सांगून घरी पाठवलं, त्यांची नळी बंद होतेय ती होतेयच.

चिकित्सक_नाना | मंगळवार, रात्री ९:१०

भुसावळहून रामराम. रेल्वेतून निवृत्त, स्वतः एक स्टेंटधारक. डॉक्टर, हिशेब पटला. पण मग खुणा कमी करायच्या ना! होमोसिस्टीन वाढलंय म्हणून मला एकाने फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ चा डबल डोस लिहून दिला होता. नळी साफ राहते म्हणाला.

तापीकाठ | मंगळवार, रात्री १०:००

नाना, या औषधाची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

२००१ मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी झालेल्या २०५ रोग्यांवर प्रयोग केला. फॉलिक अ‍ॅसिड, बी-१२, बी-६ दिलेल्या गटात रिस्टेनोसिस १९.६ टक्के, न दिलेल्यांत ३७.६. निम्म्यावर! जिकडेतिकडे गोळ्या लिहिल्या जाऊ लागल्या. २००४ मध्ये दुसरा, मोठा प्रयोग झाला, ६३६ रोगी, सगळे स्टेंटवाले. होमोसिस्टीन ठरल्याप्रमाणे उतरलं. आणि रिस्टेनोसिस? व्हिटॅमिनवाल्यांत ३४.५ टक्के, बिनव्हिटॅमिनवाल्यांत २६.५. वाढलं! म्हणजे रिपोर्ट सुधारला, नळी बिघडली. पेशी वाढायला फॉलिक अ‍ॅसिड लागतं हे आपण शाळेत शिकतो, पण तेव्हा कोणाला आठवलं नाही.

तुमचं बी-१२ खरंच कमी असेल तर जरूर घ्या. शाकाहारी मंडळींत ते कमी असतंच, हातपाय बधिर होतात. पण ते नसांसाठी, स्टेंटसाठी नाही.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, रात्री १०:४५

नवीन नावं निघालीत तीही सांगते, कारण रोज कोणीतरी मोबाईल घेऊन काउंटरवर येतं.

एनएलआर वेगळी टेस्ट नाही. सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी असतात, पहिल्याला दुसऱ्याने भागा. ६८ आणि २२ असतील तर ३.१. यासाठी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. दुसरं टीवायजी, शरीर इन्सुलिनला किती दाद देतं त्याचा अंदाज. केळीपट्टा दादांनी पाठवलेल्या आबांच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड १९० आणि उपाशीपोटी शुगर १५० आहे. गुणाकार करून दोनाने भागा, १४,२५०. कॅल्क्युलेटरवर एलएन बटण दाबा, ९.५६. जास्त आहे. पण यातून कळलं काय? शुगर आणि चरबी ताब्यात नाहीत. ते तर भागायच्या आधीच दिसत होतं!

निंबाची_सावली | बुधवार, सकाळी ११:२०

अमळनेरहून लिहितेय. आमच्या ह्यांना २०१९ मध्ये स्टेंट टाकला. शुगर नाही, बिडी नाही, कोलेस्टेरॉल छान, सीआरपी १ च्या आत. नऊ महिन्यांत पुन्हा अरुंद. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी लायपोप्रोटीन-ए करायला लावली तर ९६ आलं. कोणी आधी सांगितलंच नव्हतं अशी तपासणी असते म्हणून. आता मुलाचीही केली, त्याचं ८८. वय फक्त ३१.

तापीकाठ | बुधवार, दुपारी १:४०

ताई, ही एक तपासणी मात्र मी प्रत्येक स्टेंटवाल्याला आयुष्यात एकदा करायला सांगतो. पातळी बहुतांशी आईबापाकडून येते आणि जन्मभर जवळजवळ तशीच राहते, म्हणून एकदाच पुरते. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर (एकक नॅनोमोल असेल तर १२५ च्या वर) जास्त धरतात. आपल्याकडच्या लोकांत ती जास्त आढळते.

पण ९६ मुळेच ह्यांचा स्टेंट अरुंद झाला, असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. उपयोग वेगळा आहे. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ५५ च्या खाली ठेवायचा आग्रह अशा माणसाकडे जास्त कडक धरायचा, आणि मुलाचा धोका ३१ व्या वर्षीच कळला. तो आत्तापासून जपू शकतो.

सातपुडा_पायथा | बुधवार, संध्याकाळी ६:३०

तळोद्याहून. शुगरवाल्यांच्या एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) बद्दल एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे सिकलसेल भरपूर. माझ्या मामांची एचबीए१सी ५.९ यायची, सगळे खूश. बोटातली शुगर मात्र २४० दाखवायची. सिकलसेलमध्ये लाल पेशी लवकर मरतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळत नाही, म्हणून आकडा खोटा कमी येतो. हे सुरतला गेल्यावर कळलं. नंदुरबारकडच्या स्टेंटवाल्यांनी नुसत्या त्या कागदावर विसंबू नये.

सूक्ष्मदर्शक | बुधवार, संध्याकाळी ७:००

शंभर टक्के खरं. आणि लोह कमी असेल तर उलटं, आकडा खोटा जास्त.

निरोगी_जीवन_२४ | बुधवार, रात्री ८:१५

नळ्या साफ करणारा काढा, २१ दिवसांत ब्लॉकेज गायब, स्टेंटची गरज नाही, गोळ्या बंद. माहितीसाठी संपर्क करा.

चिकित्सक_नाना | बुधवार, रात्री ८:२०

अ‍ॅडमिन, याला उडवा. 'गोळ्या बंद' वाचून एखादा खरंच बंद करेल.

डॉक्टर, मग रक्त सोडा, दरवर्षी सगळ्यांची ट्रेडमिल टेस्ट का नाही करत? इंजिनाची शेड्यूलप्रमाणे तपासणी होते, बिघाडाची वाट बघत नाही आम्ही.

तापीकाठ | बुधवार, रात्री ९:३०

बरोबर विचारलंत. कोरियात हेच करून पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला. जास्त जोखमीचे १,७०६ रोगी, अर्ध्यांची वर्षभराने ठरवून तपासणी, बाकीच्यांची त्रास झाला तरच. दोन वर्षांत मृत्यू, झटका किंवा हृदयासाठी भरती यांचं एकत्र प्रमाण ५.५ आणि ६ टक्के, म्हणजे सारखंच. इंजिन बोलत नाही नाना, माणूस बोलतो.

त्यावरून आठवलं. केळीपट्टा दादा, दोन दिवस आपण आबांच्या रक्ताबद्दल बोलतोय. आबांना चालताना काय होतं? स्टेंटनंतर पहिले दोन-तीन महिने जेवढं चालायचे तेवढंच चालतात का?

केळीपट्टा | गुरुवार, सकाळी ९:५०

डॉक्टरसाहेब, काल विचारलं तर म्हणाले, काहीच होत नाही. पण तुम्ही विचारलंत म्हणून आज सकाळी सहाला त्यांच्या मागोमाग वावरात गेलो.

घरापासून विहिरीपर्यंत ठीक. पुढे पाटाचा चढ आहे, फार नाही, बैलगाडीला जाणवतही नाही. तिथे थांबले. चपलेचा अंगठा बघत बसले. मी म्हटलं तुटला का, तर म्हणाले ढिला झालाय. दोन-तीन मिनिटांनी उठले, वीस पावलं चालले, पुन्हा चप्पल. चप्पल मी हातात घेऊन बघितली, नवी आहे. छातीवर हात नाही ठेवला, पण डावा जबडा चोळत होते.

मग आईला विचारलं. ती म्हणाली, महिनाभर झाला, जेवल्यावर चालले की बसतात. उन्हाने होतं असं वाटलं तिला. आम्हालाही.

तापीकाठ | गुरुवार, सकाळी १०:०५

ही चप्पल नाही, हृदयाची कळ असू शकते. आजच फोन करा, जिथे स्टेंट टाकला तिथे. टाचेची जखम आणि हे, दोन्ही सांगा. चालायला लावू नका. जिभेखालची गोळी खिशात. बसल्या जागी दुखलं किंवा पाच-दहा मिनिटांत थांबलं नाही तर १०८, वाट बघू नका.

पऱ्हाटी | गुरुवार, दुपारी १२:३०

गाडी लागली तर सांगा. चोपड्याहून तासा-दीड तासात येतो.

केळीपट्टा | सतरा दिवसांनी, रविवार, रात्री ९:००

उशीर झाला, माफ करा. सगळं झालं, आबा घरी आहेत.

टाच आधी बरी करून घेतली, त्यात दहा दिवस गेले. त्या काळात औषधं वाढवून आराम. अँजिओच्या चार दिवस आधी एचएस-सीआरपी पुन्हा केली, १.१. चुलतभाऊ म्हणाला, आता कशाला अँजिओ, रिपोर्ट तर छान आलाय. केली. स्टेंटच्या मधोमध ८० टक्के अरुंद.

मग नळीच्या आत बारीक सोनोग्राफीची तार घातली. डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं, एका जागी नळीभोवती चुन्याची पांढरी कडी होती आणि तिथे स्टेंट पूर्ण उघडलाच नव्हता. २.७५ च्या जागी २ च्या आसपास. मोठ्या दाबाच्या फुग्याने ती कडी फोडली, मग औषध लावलेला फुगा धरून ठेवला. नवीन स्टेंट नाही टाकला.

लायपोप्रोटीन-ए पण केली, २२ आली. म्हणजे तीही नाही.

तापीकाठ | रविवार, रात्री ९:४०

फार बरं झालं. चुन्याची कडी शुगरवाल्यांत नेहमी दिसते, आणि स्टेंट कमी उघडणं हे रिस्टेनोसिसच्या मोठ्या कारणांपैकी एक. बारीक नळी, लांब स्टेंट, शुगर, आबांकडे सगळंच होतं. जाळी कुठे अडकलीय हे रक्ताला कळायचा मार्गच नाही. एलडीएल किती आहे आता?

केळीपट्टा | रविवार, रात्री ९:५५

८२ होतं. दुसरी गोळी जोडलीय, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. इन्सुलिनही सुरू.

निंबाची_सावली | रविवार, रात्री १०:१०

दादा, प्रोसिजरची सीडी आणि स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर मागून घ्या. आमच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, कुठला, किती लांबीचा, आणि आमच्याकडे काहीच नव्हतं.

केळीपट्टा | रविवार, रात्री १०:२०

घेतलंय ताई. सीडी, स्टिकर, सगळं फाइलमध्ये. ईसीजी मात्र शहाणपणा करून लॅमिनेट करायला दिला होता, पूर्ण काळा होऊन परत आला. त्या कागदाला उष्णता चालत नाही म्हणे. कोणी करू नका, फोटो काढून ठेवा.

आणि पऱ्हाटीभाऊ, आबा विचारताहेत, ते गाडी घेऊन येणारे कोण. त्यांना हिवाळ्यात भरीत खायला बोलवा म्हणाले. तेल आई घालणार आहे, तेव्हा कमीच असेल.